गाडी गेटवर पोचली म्हणजे पेशंटपर्यंत पोचली असं नसतं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका ताईंचं पत्र वाचलं. त्यांच्या वडिलांना पहाटे छातीत दुखायला लागलं, फोन केला आणि ॲम्ब्युलन्स यायला 27 मिनिटं लागली, वडील वाचले पण त्या 27 मिनिटांत घरच्यांचं काय झालं ते त्यांनाच माहीत, आणि शेवटी त्यांनी विचारलंय की हे लोक तिकडे चहा पीत बसलेले असतात का. ताई, चहा पितो आम्ही, खोटं कशाला सांगू, रात्रपाळीत तर चार-चार वेळा पितो. तुमचा राग पण बरोबर आहे. फक्त ती 27 मिनिटं गेली कुठे हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार, कारण ते कोणी मोजतच नाही, म्हणून हे पत्र.

मी मुंबईत एका ॲम्ब्युलन्स सेवेत टीम लीडर आहे. कुठली ते लिहीत नाही, नोकरी करायची आहे. पूर्व उपनगरातल्या 14 गाड्या, त्यांवरचे डॉक्टर आणि पायलट (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि त्या पोरांना ते आवडतं) हे सगळं माझ्याकडे असतं, म्हणजे रोस्टर (कोणाची ड्युटी कधी त्याचा तक्ता) लावणं, सिलेंडर भरलेत का बघणं, कोणाचं पोरगं आजारी म्हणून कोण आलं नाही त्याच्या जागी कोण, आणि महिन्याच्या शेवटी वर रिपोर्ट देणं. त्याआधी 6 वर्षं मी स्वतः गाडीवर होतो.

आपल्या राज्यात 108 ची सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली, 937 गाड्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, की बऱ्याच राज्यांत गाडीवर टेक्निशियन असतो आणि आपल्याकडे डॉक्टर असतो. शहरात 20 मिनिटांत आणि खेड्यात 30 मिनिटांत पोचायचं असं तिथे धरलेलं आहे. आता गंमत अशी, की पोचायचं म्हणजे कुठे? गाडीत एक टॅब असतो, लोकेशनला पोचलं की पायलट त्यावर बटण दाबतो आणि आमचं घड्याळ तिथे थांबतं. गाडी गेटवर, पेशंट 19 व्या मजल्यावर, आणि रिपोर्टात आम्ही पोचलेलो असतो.

हे मला पण अक्कल आली ती एका केसनंतर, आणि आधी मी चुकलो होतो ते पण सांगतो. दोन-अडीच वर्षं झाली असतील. महिन्याचा रिपोर्ट बघताना एका गाडीचा एका केसवरचा सीन टाइम दिसला 52 मिनिटं. सीन टाइम म्हणजे लोकेशनला पोचल्यापासून तिथून निघेपर्यंतचा वेळ. मी डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि सगळ्यांसमोर झापलं, की 52 मिनिटं काय करत होता तुम्ही, जेवायला थांबला होता का, वर मला उत्तर द्यावं लागतं. ती काही बोलली नाही. बी.ए.एम.एस. होऊन जेमतेम वर्ष झालेली मुलगी, साताऱ्याकडची. दुसऱ्या दिवशी पायलट माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर एकदा चला ना त्या बिल्डिंगला, लांब नाहीये.

गेलो. पुनर्वसनाचा टॉवर, 22 मजले, बाजूला तसेच अजून तीन, चारींना एकच रंग आणि विंगचं अक्षर लिहिलंय ते पार वर गच्चीजवळ, रात्री ते कोणाला दिसणार. कॉल करणाऱ्याने सांगितलं होतं साईबाबा मंदिरासमोर. आता मुंबईत साईबाबा मंदिरासमोर नाही असं एक ठिकाण मला दाखवा. रस्त्याला गाडीला 7 मिनिटं लागली होती. मग गेटवर वॉचमनने वही पुढे केली, फ्लॅट नंबर काय, कोणाकडे जायचंय, ॲपवर अप्रूव्हल येऊ द्या म्हणाला, अहो सायरन वाजतोय, निळा दिवा फिरतोय, पण त्याला तरी काय बोलणार, मागच्या महिन्यात न विचारता कोणालातरी सोडलं म्हणून त्याचा पगार कापला होता. पोडियमच्या (टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या) कमानीखालून गाडी जात नाही, उंची पुरत नाही, त्यामुळे गाडी बाहेर आणि स्ट्रेचर ढकलत आत, वाटेत स्पीडब्रेकर, कुंड्या, उभ्या केलेल्या ॲक्टिव्हा. दोन लिफ्ट, त्यातली एक बंद. दुसरी इतकी छोटी की स्ट्रेचर डोक्याकडून उभं करूनसुद्धा दार लागेना. मग स्ट्रेचर खालीच ठेवलं, आणि बॅग, ऑक्सिजन, एईडी मशीन (हृदयाला शॉक द्यायचं), सक्शन (घशातली घाण ओढून काढायचं) असं सगळं हातात घेऊन ती मुलगी आणि पायलट वर गेले, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबत थांबत, कारण आधी कोणीतरी वरून बटणं दाबून ठेवलेली.

वर गेल्यावर कळलं माणूस बाथरूममध्ये पडलाय. वजन नव्वदीच्या पुढे. आणि बाथरूमचं दार आत उघडणारं, तो दाराला टेकूनच पडलेला, त्यामुळे दार चार बोटं उघडतंय आणि त्या फटीतून त्याचा हात दिसतोय. आपल्याकडे बाथरूमची दारं आतच का उघडतात देव जाणे. पायलटने बिजागऱ्या काढल्या, शेजाऱ्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. ही मिनिटं कुठल्या रिपोर्टात लिहायची सांगा.

ओढून हॉलमध्ये घेतलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट लोकांना खरंच माहीत नाही आणि त्यावरून आमच्या पोरांना शिव्या काय, मार पण बसतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला लगेच उचलून गाडीत टाकायचं नसतं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 सेंटीमीटर खोल छाती दाबायची आणि मध्ये थांबायचं नाही, थांबलं की मेंदूला जाणारं रक्त थांबलं. छोट्या लिफ्टमध्ये वाकायलाच जागा नसते आणि जिन्यावरून उतरवताना छाती नीट दाबता येत नाही, त्यामुळे जिथे आहे तिथे कडक लादीवर बसून करत राहणं हेच बरोबर असतं, शॉक देण्यासारखी रिदम, म्हणजे हृदयाची लय, असेल तर तिथेच शॉक. पण घरच्यांना वाटतं हे लोक इथे टाइमपास का करतायत, हॉस्पिटलला का नेत नाहीत, उचला उचला. त्या रात्री पण दहा-बारा लोक जमले होते आणि एक जण मोबाइलवर शूट करत होता. साताऱ्याची ती मुलगी दोन-दोन मिनिटं पायलटशी आलटून-पालटून दाबत होती. आणि एक बारावीतली पोरगी, पेशंटची पुतणी, ॲम्ब्युलन्स यायच्या आधीपासून फोनवर काका-काका करत उभी होती, तिला मॅडमनी ओढून खाली बसवलं आणि सांगितलं तू दाब, मी सांगते तसं, कारण आमचा तिसरा माणूस नव्हता. त्या पोरीने दाबलं. चांगलं दाबलं म्हणे.

माणूस वाचला नाही. मला वाटलं होतं पायलट मला सांगेल की वाचला, सर, म्हणून त्यांना ओरडू नका. तसं काही नव्हतं.

मी मॅडमची माफी मागितली, सगळ्यांसमोरच, कारण झापलं पण सगळ्यांसमोर होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून एक साधी 200 पानी वही प्रत्येक गाडीत ठेवली. टॅबवर काय ते दाबा, पण वहीत एक जास्तीची वेळ लिहा, पेशंटला हात लावला ती वेळ. आणि अजून एक, हॉस्पिटलमध्ये आपलं स्ट्रेचर मोकळं झालं ती वेळ. अभ्यास वगैरे नाही तो, वही आहे, पोरं कधीकधी विसरतात, कधी अंदाजाने लिहितात. पण वर्षभर चाळल्यावर एवढं कळलं की टॉवर असेल तर गेटपासून पेशंटपर्यंत जायला कित्येकदा रस्त्याएवढाच वेळ जातो. चाळीत उलट आहे, जिना अरुंद असतो पण चार पोरं धावत खाली आलेली असतात, सोलापुरी चादरीत पेशंटला घालून आमच्या आधी त्यांनी खाली आणलेलं असतं, कधीकधी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. मानेला मार असेल तर तसं आणू नये हे खरं, पण छातीत दुखणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून आणलं तर मी तरी त्यांना हातच जोडतो.

दुसऱ्या वेळेने तर डोळेच उघडले. स्ट्रेचर मोकळं होण्याची वेळ. ताई, मला वाटतं तुमच्या 27 मिनिटांतला मोठा भाग इथे अडकलेला असेल. आम्ही पेशंट घेऊन कॅज्युअल्टीत जातो, तिथे ट्रॉली नाही, बेड नाही, मग म्हणतात तुमच्याच स्ट्रेचरवर राहू दे थोडा वेळ. आता स्ट्रेचर नसेल तर गाडी म्हणजे नुसता टेम्पो, पुढचा कॉल घेता येत नाही. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ती गाडी बिझी दिसते आणि दोन किलोमीटरवर कोणाला तरी अटॅक आलाय तिथे सात किलोमीटरवरची गाडी पाठवावी लागते. एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, माझी एक गाडी 1 तास 10 मिनिटं अशी उभी होती, आत पेशंट आमच्या स्ट्रेचरवर, बाहेर पायलट येरझाऱ्या घालतोय. तिथल्या डॉक्टरवर पण राग काढायची सोय नाही. ती रेसिडेंट मुलगी सकाळपासून उभी, एका हातात फोन, एका हातात ईसीजीचा कागद, मला म्हणाली सर मी बेड छापू का. बेड नाहीतच, खरंय. पण ट्रॉली? चार जास्तीच्या ट्रॉल्या दाराशी ठेवल्या तर पेशंट त्यावर सरकवता येतो आणि गाडी सुटते. चार ट्रॉल्यांची किंमत एका ॲम्ब्युलन्सच्या किमतीपुढे काहीच नाही. उद्घाटन मात्र ॲम्ब्युलन्सचं होतं, ट्रॉलीचं होत नाही, फोटो चांगला येत नाही तिचा.

आणि हे आपल्यापुरतं आहे असं नका समजू. इंग्लंडमध्ये एवढी जुनी व्यवस्था, इमर्जन्सीचा 999 नंबर लंडनमध्ये 1937 साली सुरू झालेला, तिथेही हॉस्पिटलांबाहेर ॲम्ब्युलन्सच्या रांगा लागतात. पण ते मोजतात. हॉस्पिटलात पेशंट ताब्यात घ्यायला 15 मिनिटं असं त्यांनी धरलंय, ते पाळलं जात नाही हा भाग वेगळा. 2023 मध्ये लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेने हॉस्पिटलांना कळवून टाकलं की आमची माणसं 45 मिनिटांच्या वर थांबणार नाहीत, पेशंट तुमच्या ताब्यात देऊन निघतील. आपल्याकडे मी असं पत्र लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मलाच निघावं लागेल. तरी निदान मोजा तरी. गाडी किती मिनिटांत आली हे विधानसभेत विचारतात, पेपरात छापून येतं, गाडी किती वेळ अडकली हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

रस्त्याबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड आहे, 2019 पासून कायद्यात आहे, तो झालेला माणूस मला अजून भेटायचाय. पण खरं सांगायचं तर मुंबईचे लोक वाट देतात. लालबागला गणपतीत ती एवढी गर्दी, मुंगीला जागा नाही, आणि सायरन वाजला की कार्यकर्ते दोऱ्या धरून अशी वाट करतात की अंगावर काटा येतो. त्रास होतो तो पुलांचा. अंधेरीचा गोखले पूल 2022 च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला (तो 2025 मध्ये परत पूर्ण सुरू झाला), सायनचा 2024 च्या ऑगस्टमध्ये, प्रभादेवी आणि परळ जोडणारा एल्फिन्स्टनचा 2025 च्या सप्टेंबरमध्ये. पूल जुने झाले म्हणजे पाडावे लागणार, त्याला कोण नाही म्हणतंय. पण एल्फिन्स्टनच्या पूर्वेला उतरलं की परळ, केईएम तिथे, टाटा तिथे, वाडिया तिथे, सगळी मोठी हॉस्पिटलं, आणि प्रभादेवीच्या माणसाला आता दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडवरून वळसा. सायनच्या पुलाजवळ तर सायन हॉस्पिटल. अशा वेळी मॅपवर भरवसा ठेवून चालत नाही, कुठली गल्ली संध्याकाळी फेरीवाल्यांनी बंद होते आणि कुठल्या सोसायटीचं मागचं गेट पहाटे उघडं असतं हे पायलटच्या डोक्यात असतं. म्हणून जुना पायलट नोकरी सोडून गेला की मला गाडी गेल्यासारखं वाटतं. आणि ते जातात. 12 तासांची ड्युटी, बेस लोकेशन म्हणजे कुठल्यातरी पोलीस चौकीच्या किंवा दवाखान्याच्या बाहेर रस्त्याच्या कडेला, झोपायचं तर पेशंटच्याच बाकावर. बायका डॉक्टर आहेत आमच्याकडे, त्यांना रात्री बाथरूमला जायला पेट्रोल पंप शोधावा लागतो, आणि तेवढ्यात कॉल आला तर तीच ती दोन मिनिटं, ज्याला तुम्ही चहा म्हणता. हे चिडून लिहीत नाहीये.

अजून एक, मुलं बाहेरगावी असलेल्या घरांसाठी. आईवडील मुलुंडला, मुलगा बंगळुरूला, आईने फोन करून सांगितलं बाबा पडले, आणि मुलगा घाबरून बंगळुरूहूनच 108 लावतो. तो फोन लागतो कर्नाटकात. मग तिकडे समजावण्यात वेळ. परदेशातून तर लागतच नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याचा नंबर ठेवा, वॉचमनचा ठेवा, त्यांना फोन करा आणि त्यांना इथून लावायला सांगा. आणि जो पेशंटजवळ आहे त्यानेच बोलावं, कारण कंट्रोल रूम विचारते श्वास चालू आहे का, आणि न्यू जर्सीत बसलेल्याला ते दिसत नाही. रस्त्यावर अपघात झालेला असेल तर बघ्यांनीही बिनधास्त फोन करा, मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, नाव सांगायची सक्ती पण नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच ते स्पष्ट केलं आणि नंतर कायद्यातही आलं, तरी लोक अजून गाडीच्या काचा वर करून जातात.

तर संपादक साहेब, तुमच्या पेपराला विनंती एवढीच की पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्सला उशीर अशी बातमी आली तर आमच्या साहेबांना दोन प्रश्न जास्तीचे विचारा. पेशंटला हात कधी लागला, आणि त्याआधीच्या केसवर ती गाडी हॉस्पिटलात किती वेळ उभी होती. मला माहितीय उत्तर मिळणार नाही, कारण आकडा नाहीये. दोन-तीनदा विचारलंत तर ठेवायला लागतील.

आणि ताई, तुमच्या सोसायटीसाठी. येत्या रविवारी टेप घेऊन लिफ्ट आतून मोजा, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. आमचं स्ट्रेचर सव्वासहा फुटांच्या आसपास असतं. बसत नसेल तर तो आकडा वॉचमनच्या केबिनमध्ये लिहून ठेवा आणि कॉल करताना पहिल्याच वाक्यात सांगा की लिफ्ट छोटी आहे, म्हणजे पोरं स्ट्रेचर ढकलत आत येण्याऐवजी खाली गाडीतूनच घडीची खुर्ची काढून वर आणतील. विंगचं अक्षर खाली गेटजवळ मोठं रंगवून घ्या, त्यावर एक दिवा. आणि रात्रीच्या वॉचमनला सेक्रेटरींनी एकदा स्वतः सांगावं की ॲम्ब्युलन्स आली तर वही नको. सेक्रेटरींनीच सांगावं, तुम्ही सांगून तो ऐकणार नाही.

आपला,
एक टीम लीडर, मुंबई
(नाव व पत्ता छापू नये ही विनंती)